ग्रहाचा तट : जमिनीवर की अंतरिक्षात?

डोंगरमाथ्यावरील माणसाने नुसता धोंडा लोटला तरी पायथ्याशी जमलेल्या सैन्याची दाणादाण उडते; तोच धोंडा खालून वर फेकायचा म्हटला, तर बळकट बाहूही अपुरे पडतात. युद्धविषयक विज्ञानकथांत वारंवार डोके वर काढणाऱ्या एका वादाचे मूळ या साध्या गोष्टीत आहे. शत्रूची याने चालून आली असता ग्रहाचे रक्षण भूमीवरील तोफांनी करावे, की ग्रहाभोवती फिरणाऱ्या शस्त्रसज्ज उपग्रहांनी?

उंचीचे माहात्म्य रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाइतके ठसठशीतपणे क्वचितच कोणी मांडले असेल. ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ या त्याच्या १९६६ च्या कादंबरीत चंद्रावरील वसाहतवाले पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध बंड करतात. त्यांच्यापाशी ना आरमार, ना अणुबॉम्ब. पृथ्वीवर धान्य धाडण्यासाठी उभारलेली एक विद्युत्चुंबकीय गोफण तेवढी असते. तिच्यातून ते खडक फेकू लागतात. चंद्राच्या ओढीतून सुटण्यास सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीवरून सुटण्यास ११.२ किलोमीटर लागतो. म्हणजे तितक्याच वजनासाठी ऊर्जा वीसपटीहून अधिक. शिवाय खाली येणारा खडक पृथ्वीच्या वातावरणात शिरताना सुमारे ११ किलोमीटर वेगाने येतो आणि आपल्या वजनाच्या चौदापट टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन येतो. बारूद भरण्याचे कारणच उरत नाही!

एवढ्यावरून अंतरिक्षाच्या बाजूने कौल द्यावा, तर त्याच कादंबरीत उलट पुरावाही आहे. पृथ्वीची याने जुनी गोफण उद्ध्वस्त करतात. परंतु बंडखोरांनी दुसरी गोफण गुप्तपणे बांधलेली असते, आणि मारा चालूच राहतो. खाणीत खडक कापणारी लेसर यंत्रेच तेथे तोफांचे काम करतात. भूमीचे बळ ते हेच : तिच्या पोटात दडता येते. उपग्रहाला दडायला आडोसा नाही. त्याचा मार्ग गणिताने आधीच सांगता येतो. तीनचारशे किलोमीटर उंचीवर तो सुमारे दीड तासात प्रदक्षिणा घालतो आणि एका गावावर जेमतेम काही मिनिटे असतो. सतत पहारा हवा तर असे कित्येक उपग्रह फिरवावे लागतील. उष्णतेची अडचण लेखक बहुधा विसरतात. भूमीवरील तोफ पाण्याने वा वाऱ्याने थंड करता येते. निर्वातात उष्णता केवळ प्रारणानेच बाहेर टाकावी लागते.

भूमीवरील तटालाही छिद्र असतेच. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या चित्रपटात हॉथ ग्रहावरील बंडखोरांचे अदृश्य कवच आकाशातील मारा थोपवते आणि त्यांची तोफ शत्रूचे अजस्र यान क्षणभर लुळे करते. मग शत्रू कवचाबाहेर उतरतो, पायदळासारखा चालत येतो आणि कवचाचे यंत्रच फोडतो.

प्रत्यक्ष जगात १९६७ च्या कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी घातली. भूमीवरून उपग्रह पाडण्याचे प्रयोग मात्र झाले. भारताने २०१९ साली सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरील स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे तुकडे बहुतांशी लवकरच खाली येऊन जळाले. चीनने २००७ साली आठशेहून अधिक किलोमीटर उंचीवर जो उपग्रह फोडला, त्याचे हजारो तुकडे अजूनही पृथ्वीभोवती भ्रमत आहेत, आणि त्यांच्या वाटेतून चीनच्याही उपग्रहांना जावे लागते.