लिंबावरची अळी मारण्यापूर्वी

उद्या सकाळी वाडीतल्या लिंबाच्या रोपाकडे जरा वाकून पाहा. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसला, तर काडीने हळूच डिवचा. ठिपका हलला आणि डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून त्याने उग्र वास सोडला, की ती फुलपाखराची अळी समजावी.

वसईजवळच्या निर्मळला गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही एका वाडीत गेलो, तेव्हा घरच्या बाई फवारणीचा पंप भरून उभ्या होत्या. "बारा रोपं लावली, निम्म्यांना पान उरलं नाही. आता एकही ठेवणार नाही!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हातभर उंचीचे रोप दोन-चार मोठ्या अळ्या बघता बघता ओरबाडून टाकतात. इतक्यात केळींच्या सावलीतून एक मोठे फुलपाखरू तरंगत आले. काळ्या मखमलीसारखे पंख, त्यांवर फिकट निळे चट्टे. बाई पंप विसरल्या. "किती सुंदर आहे हो!"

ते फुलपाखरू म्हणजे नीलवंत. याला राणी पाकोळीही म्हणतात. पंख पसरले की चार-पाच इंच भरते. महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. आणि या मानकऱ्याची अळी वाढते ती लिंबू, पपनस यांच्याच पानांवर! बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी पंप खाली ठेवला. पण रोपांचे काय, हा त्यांचा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर सोपे आहे. मोठ्या झाडाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. तिथे फवारूच नये. पक्षी त्या टिपतात, बारीक परोपजीवी माश्याही त्यांना आवरतात. फवाऱ्याने मरतात त्या या मदतनीस माश्या आणि फुलांवरच्या मधमाश्यासुद्धा. लहान रोपावरच्या अळ्या मात्र हाताने वेचाव्यात आणि जुन्या लिंबावर सोडाव्यात. दोन-तीन अळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वरून जुनी मच्छरदाणी बांधावी, रोज लिंबाचे ताजे पान द्यावे. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. घरातल्या पोरांना याहून चांगला धडा नाही.

अळी कोणाची हे मात्र लहानपणी ओळखत नाही. लिंबावरचे साधे पिवळे-काळे फुलपाखरू, कॉमन मॉर्मन आणि नीलवंत, तिघांच्याही अळ्या आधी विष्ठेसारख्या, मग हिरव्या. म्हणून फोटो काढून ठेवावा. हल्ली घरोघरी मोबाईल आहे, तेवढा पुरतो. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी फुलपाखरू पंख पसरून ऊन खात बसते, तेव्हा जवळ जाता येते. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, पडली की उडालेच. पंख उघडे असताना एक आणि मिटलेले असताना एक, असे दोन फोटो घ्या. शक्यतो अंगाचाही घ्या. त्याचे कारण मजेचे आहे. कॉमन मॉर्मनची मादी कधी कधी क्रिमसन रोझ नावाच्या विषारी फुलपाखराचे सोंग घेते. काळ्या पंखांवर तेच लाल-पांढरे ठिपके. पक्षी फसतात, आपणही फसतो. पण खऱ्या क्रिमसन रोझचे अंग लालभडक असते, सोंगाडीचे काळेच राहते. आणि बसलेले झाड कोणते, तेही टिपून ठेवा; निम्मी ओळख झाडानेच पटते.

आंब्यावर बांडगूळ असेल तर तिथे हळदीकुंकू नावाचे पांढरे, पिवळे आणि लाल फुलपाखरू घिरट्या घालताना दिसेल. त्याची अळी बांडगुळाची पाने खाते. बांडगूळ तेवढ्याने मरत नाही, पण आंब्याच्या शत्रूवर जगणाऱ्या पाहुण्याला हाकलायचे कशाला? तसेच सुकेळीला न चालणारी अतिपक्व केळी झाडाच्या बुंध्याशी टाकून पाहा. फुलांवर कधीच न बसणारी तपकिरी फुलपाखरे तिथे रस प्यायला जमतात आणि निवांत फोटो देतात.

खाडीपलीकडे, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या सुमारे दोन एकर जमिनीत फुलपाखरांसाठी झाडे लावली. तिथे शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मोठी गुंतवणूक नव्हे, अळ्यांची झाडे आणि मधाची फुले. लिंबू, कढीलिंब, बेल, रुई हे तर आपल्या बांधावरच असते.

निर्मळच्या बाईंनी तीन अळ्या खोक्यात ठेवल्या होत्या. एक वाळून गेली. दुसरीतून साधे पिवळे-काळे फुलपाखरू निघाले. तिसरीचा कोष भिंतीला रेशमी दोरा बांधून टेकला होता. एका सकाळी तो फुटलेला दिसला आणि शेजारी निळ्या चट्ट्यांचे पंख वाळवत नीलवंत बसले होते. त्याचा फोटो बाईंच्या सुनेने काढला. जरा हलला आहे, पण ओळखू येतो.