चावडीवरची हजेरी आणि 'रक्तातला' गुन्हा

कोल्हापूर संस्थानात 1918 सालापर्यंत काही माणसांना चावडीवर नेमानं हजेरी द्यावी लागे. त्यांनी काही चोरलेलं असायचं असं नव्हे. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या घरात जन्म झाला, एवढं कारण पुरे होतं. पाटलासमोर जाऊन उभं राहायचं, आपण गावातच आहोत हे दाखवायचं, नाव पुकारलं की ओ द्यायची. सोयऱ्याच्या लग्नाला जायचं असो की चार दिवस मजुरीला, आधी ही हजेरी आठवायची. राजर्षी शाहू महाराजांनी त्या वर्षी हुकूम काढून हा प्रकार बंद केला.

त्याच काळात ब्रिटिश मुलखात मात्र हजेरी वाढत होती. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लावता येईल असा केला गेला आणि 1924 मध्ये पुन्हा नव्यानं मांडला गेला. सरकारनं एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, फिरायला पास लागायचा. जमातीला हे लेबल का लावलं, असं विचारायला कोर्टाचं दारही बंद होतं. सोलापूर, हुबळी, विजापूर इथं तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

या इतिहासाचा आजच्या पोलीस ठाण्याशी, कोर्टाशी आणि आपल्या रोजच्या बोलण्याशी फार जवळचा संबंध आहे. गुन्हा आणि न्याय यांवर शे-दीडशे वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासानं ज्या समजुती खोट्या ठरवल्या, त्यांतल्या बऱ्याच आपल्याकडे अजून बिनदिक्कत बोलल्या जातात.

"काही जमातींच्या रक्तातच चोरी असते"

ही समजूत सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत घातक. तिला एकेकाळी शास्त्राचाही आधार होता, हे मान्य करायला हवं. इटलीतला डॉक्टर चेझारे लोम्ब्रोझो यानं 1876 मध्ये जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला. कवटी, जबडा, कान पाहून गुन्हेगार ओळखता येतो, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडमधल्या तुरुंगांत काम केलेल्या चार्ल्स गोरिंग यानं सुमारे 3,000 कैद्यांची मापं घेतली, ती बाहेरच्या माणसांच्या मापांशी ताडून पाहिली आणि 1913 मध्ये सांगितलं, की असा काही वेगळा शारीरिक नमुना नसतो. म्हणजे आपल्याकडे शाहू महाराजांनी हजेरी बंद केली त्याच्या पाच वर्षं आधीच 'जन्मजात' या कल्पनेचा पाया खचला होता. तरी कायदा पुढे चाळीसेक वर्षं चाललाच.

दुसरा पुरावा शिकागोचा. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी त्या शहरातल्या बालगुन्हेगारीची कित्येक वर्षांची नोंद नकाशावर मांडली आणि 1942 मध्ये प्रसिद्ध केली. ज्या वस्त्यांत गुन्हे जास्त, त्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच राहिल्या. राहणारे लोक मात्र बदलत गेले. आधी जर्मन, आयरिश होते, मग इटालियन आणि पोलिश आले. पहिले लोक चांगल्या वस्तीत राहायला गेले, की त्यांच्या मुलांमधली गुन्हेगारीही घटली. गुन्हा रक्तात असता तर तो त्यांच्याबरोबर गेला असता.

मग आपल्याकडे या जमातींवर शिक्का बसला कसा? इतिहासकार मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातल्या कोरवांचा अभ्यास करून याचं उत्तर दिलं आहे. हे लोक पाठीवर मीठ-धान्य लादलेली जनावरं घेऊन गावोगाव व्यापार करत. मिठावर सरकारी पकड आली, रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. आपल्याकडच्या बंजाऱ्यांचीही तीच गत झाली. जंगलाचे कायदे आले तशी पारध्यांची शिकार बेकायदा होत गेली आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं उरलीसुरली रोजीही गुन्ह्यात जमा झाली. पोट भरायची वाट आधी बंद झाली, मग त्या माणसाच्या भटकण्याला संशयास्पद ठरवलं गेलं. हा क्रम लक्षात न घेता 'ते असेच' म्हणणं म्हणजे कारणाला परिणाम आणि परिणामाला कारण समजणं आहे.

शाहू महाराजांनी हजेरी तर काढलीच, शिवाय फासेपारध्यांना कामं दिली; सोनतळीच्या कॅम्पवर त्यांना पहाऱ्याला ठेवलं. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा असं सगळे सांगत होते, त्यांच्याच हाती त्यांनी पहारा दिला. याकडे नुसतं राजाचं औदार्य म्हणून पाहिलं जातं, ते मला अपुरं वाटतं. अमेरिकेत रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी बॉस्टनच्या 500 बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि 1993 मध्ये दाखवून दिलं, की स्थिर नोकरी आणि घट्ट संसार मिळालेली मुलं मोठ्या प्रमाणावर गुन्ह्यापासून दूर झाली. महाराजांच्या राज्यकारभारात ही गोष्ट त्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी हुकूम म्हणून उतरली होती.

"कायदा गेला, विषय संपला"

मुंबई प्रांतानं हा कायदा 1949 मध्ये रद्द केला. कोल्हापूर संस्थान विलीन झालं तेही त्याच वर्षी. देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडे 1959 चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आहे. कागदावर फरक मोठा आहे: इथं जमात नाही, शिक्षा झालेली व्यक्ती पाहायची. प्रत्यक्षात नोंदवह्या, त्या भरणारे हात आणि ज्यांच्या घरांची झडती घ्यायची ती घरं यांत फारसा बदल झाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं 2007 मध्ये भारताला हे कायदे रद्द करायला सुचवलं ते यामुळेच.

आणि जात कागदावरूनही पूर्ण गेली नव्हती. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये झाडू-सफाई कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होतं आणि 'गुन्हेगार जमात' किंवा 'भटकी जमात' असे शब्द सुखानं नांदत होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उघडकीला आणलं, त्या कोर्टात गेल्या आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा, असंही सांगितलं. कायदा रद्द झाल्याला तेव्हा 72 वर्षं होऊन गेली होती.

"तुरुंगात तेच भरलेत, मग गुन्हे कोण करतं?"

या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली साधी आहे: तुरुंगात किती विमुक्त-भटके आहेत, याचा राष्ट्रीय आकडाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग अहवालात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि बाकीचे एवढेच रकाने असतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार अशा 14 जाती आहेत आणि फासेपारधी अनुसूचित जमातीत; तुरुंगाच्या आकडेवारीत यांतलं कुणीच स्वतंत्रपणे दिसत नाही. तरीही लोक छातीठोकपणे प्रमाण सांगतात.

दुसरी चूक खोलवरची. तुरुंगातल्या माणसांवरून गुन्हे कोण करतं हे कळत नाही. कुणाला पकडलं जातं आणि कुणाला जामीन मिळत नाही, हे कळतं. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातले 75.8 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. ज्याचा पत्ता पालावरचा, ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला जामीनदार कुठून मिळणार?

शिवाय पोलीस तपासाची एक रीत असते. चोरी झाली की आधी 'रेकॉर्डवरचे' उचलायचे. उचललं की नोंद वाढते, नोंद वाढली की पुढच्या वेळी पहिला तोच. हॉवर्ड बेकर यानं 1963 मध्ये हे चक्र समजावून सांगितलं: गुन्हेगार ठरवण्याची प्रक्रियाच माणसाला गुन्हेगाराच्या जागी नेऊन ठेवते. भीमराव गस्ती यांच्या 'बेरड' या आत्मकथनात सीमाभागातल्या माणसांनी हेच चक्र अंगावर भोगलेलं दिसतं.

आणि एक निकाल तर प्रत्येकानं वाचायला हवा. जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण प्रकार घडला. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कमी केली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांनाच फाशी सुनावली. मग फेरविचार झाला आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयानं सहाही जण निर्दोष असल्याचं जाहीर केलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चार माणसांना ओळखलं होतं. ती गोष्ट बाजूला पडली. सहांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, तोही फाशीच्या कोठडीत राहिला. राज्यानं प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असा आदेश निघाला. सोळा वर्षांची ती भरपाई.

"असा अभ्यास म्हणजे गुन्हेगाराची कड घेणं"

वरच्या खटल्यातल्या त्या बाईंचा विचार केला की हे म्हणणं किती पोकळ आहे ते कळतं. निर्दोष सहा जण आत गेले, म्हणजे ज्यांनी ते केलं ते मोकळे राहिले. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की पीडितेचाही न्याय हिरावला जातो.

शिवाय या जमातींतली माणसं स्वतः हिंसेची बळी होतात, हे सहसा बोललं जात नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. मंगळवेढ्याकडची ही माणसं भिक्षा मागायला आली होती. मोबाइलवर फिरणारी एक अफवा आणि अनोळखी भटका दिसला की येणारा जुना संशय, एवढंच जमावाला पुरलं. आपल्या भागात मुलं पळवण्याची भीती खोटी नाही. कोल्हापूरच्या गावित प्रकरणात मुलं खरोखर पळवली गेली, मारली गेली आणि न्यायालयात ते सिद्धही झालं. पण ते सिद्ध झालं तपासातून आणि साक्षीपुराव्यातून. पेहरावावरून माणूस ओळखण्यानं कुठलंच मूल वाचलेलं नाही.

"जे कलमात बसत नाही ते नुकसान नव्हे"

दंडसंहिता सगळी हानी मोजत नाही. पॅडी हिलयार्ड, स्टीव्ह टूम्ब्स आदींनी 2004 मध्ये 'बियॉन्ड क्रिमिनॉलॉजी' या पुस्तकात आग्रह धरला, की अभ्यासकांनी 'हा गुन्हा आहे का?' याआधी 'यानं कुणाचं काय बिघडतं?' हे विचारावं. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, दूषित पाण्यानं लोकांचे जीव गेले. खिसा कापणाऱ्याची नोंद ठाण्यात होते, पण अशा मरणांना जबाबदार माणूस कोणत्या रजिस्टरात शोधायचा? 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 839 मुली होत्या. ही तूट कुठल्याही सराईत टोळीनं केलेली नव्हती. चांगल्या घरांत, चांगल्या दवाखान्यांत ती घडली.

याही बाबतीत कोल्हापूरकडे जुना अनुभव आहे. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध शाहू महाराजांनी 1919 मध्ये कायदा केला. भारतीय दंडसंहितेत 498-अ हे कलम यायला 1983 उजाडलं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. बांगड्या फोडणं कुठल्या कलमात बसत नव्हतं, तरी गावानं त्याला नुकसान म्हटलं.

हीच फूटपट्टी विमुक्त जमातींच्या आतही लावायला हवी. शिक्का मारलेल्या समाजात जातपंचायत घट्ट झाली, कारण पोलीस आणि कोर्ट दोन्ही आपले वाटत नव्हते. पण त्या पंचायतीनं नववधूची कौमार्य चाचणी घ्यावी आणि एखाद्या घराला वाळीत टाकावं, हे त्या इतिहासानं माफ होत नाही. याविरुद्ध सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठी किंमत मोजून उभी राहिली ती कंजारभाट समाजातलीच तरुण मुलं-मुली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार थेट पोलीस ठाण्यात देता येते. आणि अटकेत असलेल्या कुठल्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे एक अर्ज पुरतो.