वाचनालयाचा धनी कोण?

शहरातील सार्वजनिक वाचनालय कोणाचे, असे विचारले तर वर्षानुवर्षे तेथे पुस्तके बदलणारा वाचकही ‘सरकारचे’ म्हणून मोकळा होतो. बहुतेक ठिकाणी हे उत्तर चुकीचे असते. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने निघाले. मराठी ग्रंथ एका छताखाली यावेत म्हणून ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले. पाच वर्षांनी मुंबईतही तसेच संग्रहालय उभे राहिले. वर्गणी, देणग्या आणि भेट आलेली पुस्तके यांवर या संस्था वाढल्या.

१९६७ साली ग्रंथालयांचा कायदा करताना महाराष्ट्राने हीच वाट राखली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद होती. महाराष्ट्राने तसा कर बसविला नाही, आणि लोकांची ग्रंथालये ताब्यातही घेतली नाहीत. त्यांना मान्यता द्यावी व अ ते ड असे वर्ग लावून अनुदान द्यावे, असे धोरण शासनाने पत्करले. हे अनुदान तुटपुंजे आहे, ग्रंथपालाचे वेतन शासकीय वेतनश्रेणीच्या जवळपासही जात नाही, ही तक्रार रास्तच होय. परंतु अनुदान दुप्पट झाले तरी एक उणीव भरून निघणार नाही.

ती उणीव वार्षिक सर्वसाधारण सभेत दिसते. सभासदांनी हिशेब तपासावेत, कार्यकारी मंडळ निवडावे, पुस्तक-खरेदीवर वाद घालावा, यासाठी ही सभा असते. प्रत्यक्षात गणपूर्तीअभावी ती तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच दहाबारा वृद्ध मंडळींत पार पडते. (सभेच्या सूचनेतच हा अर्धा तास आगाऊ छापलेला असतो, हे विशेष!) अभ्यासिकेत मात्र खुर्ची मिळत नाही. स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी पहाटेपासून तेथे बसतात; त्यांना जागा हवी असते, कपाटातील ग्रंथ नव्हे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण घरात ज्यांना कोपरा नाही त्यांना तो देणे हेही वाचनालयाचेच काम आहे. पण त्यांना सभासद करून मंडळावर घ्यावे, असे किती संस्थाचालकांच्या मनात येते?

वाचनालयांच्या जागा बहुधा भर बाजारपेठेतल्या आहेत, आणि इमारती जुन्या झाल्या आहेत. विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हा कायद्याचा आधार खरा. मात्र विक्रीचा किंवा पुनर्बांधणीचा ठराव आधी संस्थेतच होतो. नव्या इमारतीत वाचनकक्षाला कोणता मजला मिळणार, एकोणिसाव्या शतकातील ठिसूळ पानांची पुस्तके मधल्या काळात कोठे राहणार, हे प्रश्न त्याच वेळी विचारावे लागतात. देवघेवीच्या खिडकीशेजारील फलकावर सभेची सूचना लावलेली असते. वर्गणीदार तिच्यासमोर उभा राहून दिवाळी अंक बदलून घेतो आणि निघून जातो.