स्थानिक वृत्तपत्रातील ‘जाहीर नोटीस’

वृत्तपत्रीय जाहिरातीचे मोल खपाच्या आकड्यावरून ठरविण्याचा प्रघात आहे. साबण किंवा चहा यांच्या जाहिरातीस हा निकष लागू पडतो, कारण त्यांचे गिऱ्हाईक सर्वत्र पसरलेले असते. परंतु सांगलीच्या हळदीच्या अडत्याला किंवा तालुक्याच्या गावी बियाणे विकणाऱ्या दुकानदाराला मुंबईच्या वाचकाचा काय उपयोग? त्या वाचकापोटी मोजलेला पैसा व्यर्थच जातो. मोठ्या दैनिकांनी पुढे जिल्हावार आवृत्त्या काढल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

जाहिरात व परिसर यांचा हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो सहसा कोणी अभ्यासास न घेतलेल्या ‘जाहीर नोटिशी’त. जमिनीचा व्यवहार ठरला की खरेदीदाराचा वकील गट क्रमांक व चतुःसीमा देऊन, कोणाचा हक्क अगर हितसंबंध असल्यास ठरावीक मुदतीत कागदपत्रांसह हरकत कळवावी, अशी नोटीस छापवितो. ती जिच्यापर्यंत पोहोचावयास हवी ती व्यक्ती पुष्कळदा सात-बाराच्या उताऱ्यावर नाव न लागलेली बहीण असते. ती स्वतः वृत्तपत्र वाचीत नसेलही. पण पारावर ते वाचणारा कोणीतरी गट कोणाचा हे ओळखतो आणि वार्ता तिच्या सासरी जाते. नोटिशीचे खरे वाहन ही ओळख होय. दूरच्या पत्राचा खप कितीही असला तरी ती त्याच्या वाचकांत सापडत नाही.

कायद्यानेही हेच गृहीत धरले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील 1976 च्या दुरुस्तीनुसार, समन्स जाहिरातीने बजावावयाचे झाल्यास, प्रतिवादी शेवटी जेथे राहत होता अगर व्यवसाय करीत होता त्या परिसरात खपणाऱ्या दैनिकातच ते प्रसिद्ध व्हावे लागते. 2013 च्या भूसंपादन कायद्यान्वये प्राथमिक अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते व त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते.

मात्र ‘खपणारे’ या शब्दाची कसोटी क्वचितच लावली जाते. नोटिशींच्या उत्पन्नावर जगणारे, नावापुरत्या प्रती काढणारे पत्र निवडले की नियमाचे पालन होते आणि हेतू विफल होतो. व्यवहार गुपचूप उरकू पाहणाऱ्यास तर असेच पत्र सोयीचे. वाचक मिळू नये म्हणून जाहिरातदाराने पैसे मोजावेत, हा प्रकार जाहिरातशास्त्रात बहुधा एकमेव असावा! मुदत उलटते, हरकत येत नाही, आणि खरेदीदार तेच कात्रण आपल्या सद्भावाचा पुरावा म्हणून पुढे करतो. बहिणीला मात्र स्वतःचा हिस्सा शाबीत करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.