नजर वळते, तेव्हा मेंदूत काय घडते?

हातातील वर्तमानपत्राचे पान डावी-उजवीकडे भराभर हलवले, तर त्यावरील अक्षरे पुसट होतात. तेच पान स्थिर धरून मान तितक्याच वेगाने हलवली, तर मजकूर सहज वाचता येतो. डोके आणि कागद यांच्यातील सापेक्ष हालचाल दोन्ही वेळा सारखीच असते. फरक पडतो तो मेंदूला मिळणाऱ्या माहितीत. मान हलताच अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका ती हालचाल टिपतात आणि अवघ्या तीन चेतापेशींच्या साखळीतून डोळ्यांच्या स्नायूंना संदेश पोहोचतो. डोके जितके उजवीकडे गेले, तितके डोळे डावीकडे फिरतात. या प्रतिक्षिप्त क्रियेस सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. कागद हलतो तेव्हा मात्र डोळ्यांनी आधी पाहावे लागते व मग हालचाल ठरते. हे काम सुमारे दहापट संथ आहे.

ही यंत्रणा नसेल तर काय होते, हे १९५२ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये केवळ आद्याक्षरांनिशी लिहिले. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचारात त्याची अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी इंद्रिये निकामी झाली होती. अंथरुणात वाचताना नाडीच्या प्रत्येक ठोक्याने होणारी डोक्याची सूक्ष्म हालचालदेखील अक्षरे हलवून टाकी. अखेर पलंगाच्या गजांमध्ये डोके घट्ट टेकवून तो वाचू लागला.

नजर स्थिर ठेवणे हे झाले निम्मे काम. ती वळवणे तितकेच आवश्यक, कारण आपल्याला बारकाईने दिसते ते दृष्टीच्या अगदी लहानशा भागात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक इवलासा खळगा असतो. हात लांब करून पाहिलेल्या अंगठ्याच्या नखाएवढेच क्षेत्र त्याच्या वाट्याला येते. सस्तन प्राण्यांमध्ये असा खळगा फक्त प्रायमेट गणात, म्हणजे माणूस, वानर, माकडे यांच्या गोतावळ्यात आढळतो. त्यामुळे पाहायची प्रत्येक गोष्ट त्या खळग्यासमोर आणण्यासाठी डोळे सेकंदाला सुमारे तीन वेळा झेप घेतात. मोठ्या झेपेचा वेग माणसात सेकंदाला ७०० अंशांपर्यंत जातो.

परंतु खोबणीत डोळा फार तर ५०-५५ अंश वळू शकतो. मागे कोणी हाक मारली, तर मानही वळवावीच लागते, आणि येथेच पेच उभा राहतो. मान वळताच ती प्रतिक्षिप्त क्रिया डोळ्यांना उलट्या दिशेने ढकलू पाहणार! मेंदू त्यावर उपाय योजतो: नजरेची झेप चालू असेपर्यंत ही क्रिया बऱ्याच अंशी दाबून ठेवली जाते. नजर लक्ष्यावर पोहोचताच ती पुन्हा सुरू होते. जड डोके मागाहून वळतच राहते, पण डोळे तेवढेच मागे फिरत असल्याने नजर ढळत नाही.

या साऱ्याचा हुकूम कोठून निघतो? १८७० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड फेरियर यांनी माकडाच्या मेंदूच्या पुढील भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा डोळे आणि डोके दोन्ही विरुद्ध बाजूस वळले. पुढचा बराचसा शोध र्‍हिसस माकडांवर झाला. उत्तर भारतात सर्रास दिसणारी ही लाल तोंडाची माकडे. भारतातून त्यांची निर्यात १९७८ मध्ये बंद झाली. मेंदूत विद्युताग्रे बसवून होणाऱ्या अशा प्रयोगांबद्दलचा नैतिक वाद मात्र संपलेला नाही. १९७१ मध्ये एमिलिओ बिझी व सहकाऱ्यांना आढळले, की मानेच्या आणि डोळ्यांच्या स्नायूंना आदेश जवळजवळ एकाच वेळी मिळतात. डोळा आधी हलतो, कारण तो हलका असतो.

मध्यमस्तिष्कात 'सुपीरियर कॉलिक्युलस' नावाचा छोटासा उंचवटा आहे. तेथे भोवतालच्या जागेचा जणू नकाशाच मांडलेला असतो. १९७२ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी दाखवले, की त्यातील ठरावीक जागी विद्युत उद्दीपन केले असता डोळे ठरावीक दिशेने, ठरावीक अंतराची झेप घेतात. मात्र त्या प्रयोगात माकडाचे डोके जखडलेले होते. एडवर्ड फ्रीडमन, टेरेन्स स्टॅनफर्ड आणि डेव्हिड स्पार्क्स यांनी १९९६ मध्ये डोके मोकळे ठेवून तेच केले, आणि चित्र पालटले. डोळे आणि डोके मिळून नजर एका ठरलेल्या अंतरावर नेत होते. थोडक्यात, येथून निघणारा आदेश 'नजर तिकडे न्या' एवढाच असतो. त्यात डोळ्यांचा वाटा किती, मानेचा किती, ही वाटणी पुढे होते आणि ती डोळे आधी खोबणीत कोठे होते यावरही अवलंबून असते.

निसर्गाने येथे पर्यायी मार्गही ठेवला आहे. पीटर शिलर यांच्या १९८० च्या प्रयोगात हा उंचवटा किंवा मेंदूच्या पुढील भागातील नेत्रक्षेत्र, यांपैकी एकच काढले तर माकडे बरीच सावरत. दोन्ही काढल्यावर मात्र त्यांची नजर जवळपास खिळून राहिली.

या ज्ञानाचा खरा कस लागतो तो रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात. अचानक भोवळ येऊन ती तासन् तास थांबत नाही, अशा रुग्णाचा दोष कानात आहे की मेंदूला पक्षाघाताचा झटका आला आहे, हे लवकर ठरवावे लागते. १९८८ मध्ये हालमाजी आणि कर्थॉइस यांनी त्यासाठी उपयोगी पडणारी एक साधी चाचणी मांडली. रुग्णाने डॉक्टरांच्या नाकाकडे पाहायचे आणि डॉक्टरांनी त्याचे डोके झटकन किंचित वळवायचे. डोळे डोक्याबरोबर घसरून मग उडी मारून परतले, तर प्रतिक्षिप्त क्रिया बिघडली आहे; दोष बहुधा कानाचा. डोळे नाकावरून ढळलेच नाहीत, तर चिंता अधिक! कान ठीक असूनही भोवळ येत असेल, तर शंका मस्तिष्कस्तंभावर किंवा अनुमस्तिष्कावर जाते.

या चाचणीला डोळ्यांच्या आणखी दोन लक्षणांची जोड देऊन २००९ मध्ये अमेरिकेत पक्षाघाताचा धोका असलेल्या १०१ रुग्णांची पाहणी झाली. त्यात तज्ज्ञांच्या नजरेतून पक्षाघाताचा एकही रुग्ण निसटला नाही, तर पहिल्या ४८ तासांत केलेल्या एमआरआयमध्ये काहींचा दोष दिसलाच नव्हता. मात्र ही चाचणी भोवळ सतत चालू असतानाच लागू पडते, आणि ती प्रशिक्षित हातांनीच व्हावी लागते. येऊन-जाऊन येणाऱ्या चक्करेत तिचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो.