तालमीचा उंबरठा

वस्तीतील हाणामाऱ्यांपासून किशोरवयीन मुलांना दूर ठेवण्यासाठी देवस्थान, चर्च किंवा मशीद यांच्या आश्रयाने चालणाऱ्या क्रीडा-उपक्रमांचा विषय निघाला की बहुधा परदेशी शहरांची उदाहरणे दिली जातात; परंतु श्रद्धा आणि व्यायाम यांची सांगड महाराष्ट्राने फार पूर्वीच घातलेली आहे आणि ती तालीम या नावाने ओळखली जाते. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द शिक्षण या अर्थाचा असून मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला आणि पुढे त्या आखाड्याभोवती जमणाऱ्या पेठेच्या मंडळालाही लागू झाला. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात स्थापन केलेले अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. बलोपासनेचे हे दैवत तालमीच्या कोनाड्यात बसले ते आजतागायत तेथेच आहे.

या परंपरेचे सर्वांत भरीव रूप कोल्हापुरात दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभारले आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींतून मल्लांच्या पिढ्या घडल्या. तालमीतील हौदाची लाल माती चाळून घेतलेली असते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळलेला असतो, आणि पहाटे तीत उतरणारा मुलगा आधी ती माती कपाळाला लावतो, मारुतीला हात जोडतो व मग जोर-बैठकांना लागतो. या मुलाला रोज पाहणारा, तो आला नाही तर त्याच्या घरी निरोप धाडणारा आणि गल्लीत भांडण केल्याचे कानावर येताच त्याला सर्वांदेखत मातीबाहेर उभा करणारा माणूस म्हणजे वस्ताद होय. तालमीची खरी ताकद या वस्तादात आहे, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला टोळक्यात जे मिळते, म्हणजे संगत, नाव आणि पाठीशी कोणीतरी असल्याची खात्री, तेच त्याला येथे मिळते; फरक इतकाच की येथे त्याची किंमत दुसऱ्याच्या रक्ताने नव्हे, स्वतःच्या घामाने चुकवावी लागते.

कोल्हापूरच्या तालमींचे दुसरे वैशिष्ट्य याहून मोलाचे आहे. तेथील अनेक तालमींत मारुतीइतकाच पीरही आपला मानला जातो. मोहरममध्ये तेथे पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची धातूची प्रतीके, बसवली जातात आणि त्यांची सेवा हिंदू घरांतील माणसेही करतात. २०१८ ते २०२० या काळात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा काही ठिकाणी गणपती आणि पंजे एकाच मांडवात बसले. ज्या मुलाने लहानपणापासून हे पाहिले आहे, त्याला दुसऱ्या धर्माच्या मुलाला परका मानायला शिकवणे निश्चितच अवघड जाते.

तथापि या चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. कोल्हापुरात तालमींनी फुटबॉलही जोपासला; पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात, आणि याच शहराच्या मातीतून अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोहोचला. पण समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे त्याच मैदानावर सामने थांबवण्याची वेळही आलेली आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे: जी निष्ठा मुलाला सावरते, तीच निष्ठा पेठेच्या, जातीच्या किंवा धर्माच्या हद्दीत कोंडली गेली की भांडणाला तयार मनुष्यबळ पुरवते. मुलींना तर तालमीचा उंबरठा दीर्घकाळ बंदच होता.

म्हणून प्रश्न खेळाचा नसून संघ कसा बांधला जातो याचा आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींनंतर मुंबईत निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. तिने पोलीस आणि वस्त्यांतील तरुण यांना क्रिकेटच्या निमित्ताने एका मैदानावर आणले. ही चळवळ कोणत्याही एका धर्माची नव्हती, आणि दंगलीने होरपळलेल्या वस्त्यांत तिला थारा मिळण्याचे ते एक मोठे कारण होते. शिकागो शहरातील सेंट सबिना या कॅथलिक चर्चने सप्टेंबर २०१२ मध्ये याहून धाडसी प्रयोग केला आणि एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांतील तरुणांना बास्केटबॉलच्या स्पर्धेसाठी आपल्या व्यायामगृहात बोलावले. बास्केटबॉल हा खेळच मुळी १८९१ साली अमेरिकेतील वायएमसीए, म्हणजे ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात जन्मला, आणि गावोगावी खेळला जाणारा व्हॉलीबॉलही चार वर्षांनी याच संघटनेतून आला. आज त्या खेळांना कोणी ख्रिस्ती खेळ म्हणत नाही, ही धर्माश्रयी क्रीडाकार्याच्या यशाची सर्वांत चांगली खूण मानावी लागेल.

धर्मस्थळाच्या आश्रयाने मिश्र संघ बांधण्याचा हा विचार दादरा आणि नगर हवेलीतील नरोली या गावासाठी दूरचा नाही. २८ जुलै १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेल्या या गावाच्या परिसरात पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि वारली, धोडिया, कोकणा कुटुंबांच्या शेजारी परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. आईवडील पाळीवर गेलेले असताना संध्याकाळचे दोन-तीन तास मुले कोणाच्या नजरेखाली असतात, हा अशा प्रत्येक गावापुढचा प्रश्न आहे, आणि भाषा वेगवेगळ्या असल्या की किरकोळ कुरबुरीलाही गटाचे रूप यायला वेळ लागत नाही. देवस्थानांजवळ अंगण असते, लोकांचा विश्वास असतो आणि संध्याकाळी हमखास हजर असणारी वडीलधारी माणसे असतात. कबड्डीला १३ मीटर लांब व १० मीटर रुंद जागेपलीकडे फारसे काही लागत नाही. नरोली-सिल्वासा परिसरातील मंदिरांच्या, चर्चच्या आणि मशिदींच्या जबाबदार मंडळींनी असे मैदान आखावे, मुलींसाठीही तितकाच वेळ राखून ठेवावा, आणि मैदानात उतरणारे सात खेळाडू कधीही एकाच चाळीचे किंवा एकाच भाषेचे असणार नाहीत, ही अट पहिल्याच दिवशी घालावी.