कपाटातील तबकड्या आणि विरत चाललेली चित्रे

भोरच्या बाजारपेठेत किंवा वेल्ह्यात जुन्या व्यापारी घराचे लोखंडी कपाट उघडले, की खातेवह्यांच्या मागे चकचकीत तबकड्यांची चवड हमखास सापडते. कोणावर 'शुभविवाह', कोणावर 'वर्षीतप पारणा', कोणावर 'प्रतिष्ठा महोत्सव' असे मार्करने लिहिलेले असते. साधारण २००० ते २०१२ या काळात शूटिंगवाला कार्यानंतर महिन्याभराने डीव्हीडी आणून देई आणि त्याच्याकडील मूळ टेप अनेकदा पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरली जाई. म्हणजे घरातील तबकडी हीच आता एकमेव प्रत. तिच्यात आजोबांचा आवाज असतो, आणि ज्या लॅपटॉपवर तो ऐकायचा त्याला तबकडी घालण्याची जागाच नसते.

चित्रपटाच्या तबकडीवर माहिती कारखान्यात ठशाने उमटवलेली असते. घरगुती तबकडीवर मात्र ती सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा रंग उतरत जातो. सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी चार महिने भिंती ओल धरतात, तेथे याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणून रूपांतर नंतर. आधी संपूर्ण तबकडीची जशीच्या तशी नक्कल संगणकावर घ्यावी. बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह यासाठी पुरतो. तबकडी पुसायची ती मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या रेघेच्याच दिशेने धावतो व अधिक नुकसान करतो.

नक्कल झाली, की खरा गोंधळ सुरू होतो. तबकडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा परक्या नावांच्या फाइली. एक लग्न चार-पाच तुकड्यांत का, असा प्रश्न पडतो. डीव्हीडीच्या नियमानुसार कोणतीही व्हीओबी फाइल सुमारे १ जीबीपेक्षा मोठी नसते, म्हणून सलग चित्रण कापले जाते. (४.७ जीबीची तबकडी संगणकावर ४.३७ दिसते, तेव्हा तोलात काटा मारला गेलेला नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या.) कोणता तुकडा कशानंतर येतो याची खतावणी आयएफओ फाइलीत असते, बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. नावाच्या अखेरीस शून्य असलेली व्हीओबी बहुधा नुसता मेनू असतो; तीच उघडून 'यात तर फक्त गाणे आणि फोटो आहेत' म्हणत तबकडी बाजूला ठेवण्याची चूक सहज घडते.

व्हीओबीचे नाव बदलून एमपी४ केले, तर आत काहीच बदलत नाही. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे आणि एकेक फाइल न देता पूर्ण फोल्डर त्यात उघडावा. मग ते आयएफओ वाचून क्रम स्वतः लावते. यादीत अनेक शीर्षके दिसली, तर सर्वांत दीर्घ ते मुख्य कार्य, पण वरघोडा किंवा हळद कधी स्वतंत्र शीर्षकात असते. ती राहून जाऊ नये.

सर्वाधिक तक्रार असते ती आवाज आणि ओठ न जुळण्याची. येथे निदान आधी करावे. आरंभापासून अखेरपर्यंत फरक सारखाच असेल, तर आवाज तेवढा पुढेमागे सरकवला की भागते. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी तो किती सरकवायचा हे पाहता येते. फरक हळूहळू वाढत असेल, किंवा एखाद्या ठिकाणी अचानक उडी पडत असेल, तर तुकडे चुकीच्या रीतीने जोडले गेले आहेत किंवा तेथे तबकडी खराब आहे. तेव्हा सरकवत बसण्याऐवजी फोल्डरपासून पुन्हा सुरुवात करावी आणि सेकंदाला २५ चौकटींचा दर स्थिर ठेवावा. भारतातील चित्रण पाल पद्धतीचे, म्हणजे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेल्या तबकडीचा दर २९.९७ असतो, तोही बदलू नये.

वरघोड्यात घोडा चालू लागला, की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. जुना कॅमेरा एका चौकटीच्या विषम व सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपत असे, त्याचा हा परिणाम. फिल्टरमध्ये डीइंटरलेस निवडल्यास रेषा जातात. चेहरे लांबट किंवा बसके दिसले, तर चित्राचे प्रमाण चुकले आहे. पाल डीव्हीडीतील बिंदू चौकोनी नसतात. गुणवत्तेचा आरएफ आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवला तर पुरे. फोरके करून मोठे केल्याने आजीच्या साडीची नक्षी परत येत नाही, फाइल मात्र फुगते.

व्हीसीडीची गोष्ट निराळी. तिच्यात डीएटी फाइल असते, चित्र ३५२ गुणिले २८८ एवढेच, आणि चुका दुरुस्त करणारी जादा माहिती साध्या डेटा-सीडीपेक्षा कमी. सीडीचा माहितीथर लेबलाच्या लगेच खाली असतो. वरचा ओरखडाही तेथे घातक ठरतो. म्हणून वेळ थोडा असेल, तर आधी व्हीसीडी हातात घ्याव्यात.

तबकडी मध्येच अडली, तर ती वारंवार फिरवत बसू नये. डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी वाचता येणारा भाग उचलते, खराब जागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे नंतर वळते. ती नोंद जपून तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते. एकाला न वाचलेला भाग दुसऱ्याला कधी कधी वाचतो. तबकडी रिकामी दिसली आणि संगणकाने 'फॉरमॅट करायची का' असे विचारले, तर उत्तर नाही असेच द्यावे. अनेकदा रेकॉर्डरवर ती 'फायनलाइज' करायची राहिलेली असते, आणि तो रेकॉर्डर घरच्या माळ्यावरच असण्याची शक्यता असते. हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या तबकड्या खाचेत सरकवण्याच्या ड्राइव्हमध्ये घालू नयेत.

एमपी४ तयार झाल्यावरही मूळ नक्कल पुसू नये. एक डिस्क भोरच्या दुकानात, दुसरी पुण्यातील मुलाकडे असावी. आणि चित्रण एकदा घरातील सर्वांत वडीलधाऱ्यांना बसवून दाखवावे. मंडपात तिसऱ्या रांगेत बसलेला फेटेवाला पाहुणा कोणत्या गावचा, कोणाचा मामा, हे त्यांनाच ठाऊक असते. कोणत्या मिनिटाला कोण दिसते, याची वही त्याच वेळी लिहून फाइलीच्या शेजारी ठेवता येते.